कुत्र्यामांजरांची प्राध्यापकी आणि आपली प्रतिष्ठा

यंदाच्या भीमजयंतीला पेंडल हिलच्या सभागृहात नेहमीप्रमाणे गुणवंत विद्यार्थ्यांचा सत्कार झाला. मेडिसीनला प्रवेश मिळालेल्या दोघांची नावे पुकारली गेली तेव्हा टाळ्यांचा कडकडाट झाला. कायदा, संगणक, अकाउंटन्सी यांच्याही वाट्याला यथायोग्य टाळ्या आल्या. सर्वांत शेवटी आमच्या कन्येचे नाव आले. लहान प्राण्यांच्या मेडिसीनमधील रेसिडेन्सीसाठी आणि पुढील संशोधनासाठी विद्यापीठाच्या पशुरुग्णालयात तिची निवड झाली होती. सूत्रसंचालकांच्या हातातील कागदावर हे सर्व लिहिलेले होते. त्यांनी ते मनातल्या मनात वाचले, क्षणभर थांबले, आणि "या कुत्र्यामांजरांच्या दवाखान्यात असतात" एवढे सांगून पुढील भीमगीताची घोषणा केली. सभागृहात हशा पिकला.

तो हशा दुष्ट नव्हता, हे आम्ही मान्य करतो. परंतु पुढे जेवणाच्या रांगेत एका ज्येष्ठ बंधूंनी आमच्या खांद्यावर हात ठेवला आणि अगदी मायेने ते म्हणाले, "डॉक्टरसाहेब, बाबासाहेबांनी आपल्याला ढोरांतून बाहेर काढलं. तुम्ही लेकीला परत ढोरांत घातलं!"

त्या वेळी आम्ही काही बोललो नाही. हातात ताट होते आणि पाठीमागे रांग होती. शिवाय बोलणारी व्यक्ती आदरणीय. तिने या देशात येऊन पहिली पाच वर्षे रात्रपाळीत काढली आणि दोन मुलांना डॉक्टर केले. परंतु ते वाक्य मनातून गेले नाही. ते एकट्या त्यांचे नाही. ते आपल्या घराघरांत बोलले जाते, आणि त्यापायी आपल्या किती मुलामुलींनी आवडीचे शास्त्र सोडून दिले असेल याची मोजदाद कोणी केलेली नाही. म्हणून हा लेखप्रपंच.

खरे सांगावयाचे तर ते वाक्य आम्हांस नवीनही नव्हते. नऊ वर्षांपूर्वी, कन्येने एच.एस.सी.नंतर पशुवैद्यकाचा अर्ज भरला त्या रात्री, थोड्या वेगळ्या शब्दांत ते आम्हीच उच्चारले होते. नंतर वर्षभर साताऱ्याच्या नातेवाइकांना फोनवर "ती सिडनी विद्यापीठात सायन्स करते" असे सांगत राहिलो. मुलीने ते ऐकले होते, हे आम्हांस फार उशिरा कळले.

ही लाज कोठून आली? आमचे आजोबा सातारा जिल्ह्यातील एका गावी पाळीने मेलेली गुरे ओढीत. बैल मेला की गावातून हाक येई. मग चौघांनी दोर आणि वासे घेऊन जायचे, पाय बांधायचे आणि शिवेबाहेर न्यायचे. आजोबांच्या उजव्या खांद्यावर जुना घट्टा होता. आमचे वडील मास्तर झाले, आम्ही डॉक्टर झालो, आणि त्या घट्ट्यापासून जितके दूर जाता येईल तितके दूर जाण्यालाच आमच्या घराने प्रगती मानले. ते स्वाभाविक होते. ते चुकीचे होते असे आम्ही म्हणणार नाही. परंतु पळताना माणूस कोणती दिशा टाळतो, हेही कधी तरी थांबून पाहिले पाहिजे.

१९२७ च्या मार्चमध्ये महाडला बाबासाहेबांनी मृत मांस सोडण्याचा उपदेश केला. मेलेली गुरे ओढण्याचे काम सोडल्यामुळे अस्पृश्यांचे शिंगे, खुरे, कातडे यांचे उत्पन्न बुडते, असा हिशेब पुढे काही मंडळींनी मांडला. एवढा नफा असेल तर तो तुम्हीच घ्या, असे उत्तर आपण त्यांना दिल्याचे बाबासाहेबांनी १५ ऑक्टोबर १९५६ च्या नागपूरच्या भाषणात सांगितले. कनिष्ठ गावकामगारांची वतने रद्द करणारा मुंबई राज्याचा कायदा १९५८ चा. तीस-एकतीस वर्षांचा हा लढा होता आणि तो ओढण्याविरुद्ध होता, सक्तीविरुद्ध होता, त्या कामाला चिकटविलेल्या अवहेलनेविरुद्ध होता. जनावराच्या देहाविषयीच्या ज्ञानाविरुद्ध तो कधीच नव्हता. ते ज्ञान आपल्याकडे होतेच कुठे? जनावर जिवंत असताना आपल्याला गोठ्यात प्रवेश नव्हता. त्याला काय होते आहे हे विचारण्याचा अधिकार नव्हता. मेल्यावर मात्र हाक येत असे. ओढणे आपले होते, ते आपण सोडले. शास्त्र आपले नव्हते, आणि जे कधी हाती आले नाही ते बाबासाहेबांच्या नावाने सोडून देण्याचा हा अजब युक्तिवाद आपण कोठून शिकलो?

किंबहुना ते शास्त्र आपल्या हाती नव्हते याची किंमत आपल्यासारख्यांनीच मोजली आहे. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात उत्तर हिंदुस्थानातील इंग्रजी दप्तरात एक आरोप पुन्हा पुन्हा आढळतो : कातड्याच्या लोभाने चांभार गुरांना सोमल घालून मारतात. काही ठिकाणी विषप्रयोग घडलेही असतील. परंतु तो काळ बुळकांडीचा होता. या रोगाने गोठेच्या गोठे काही दिवसांत रिकामे होत असत. जनावर कशाने मेले हे सांगू शकणारा माणूस गावात नसे, आणि निदान नसले की संशय उरतो. संशय कोणावर जायचा हे गावाने आधीच ठरवून ठेवलेले असे. या रोगांच्या अभ्यासासाठी सरकारने १८८९ साली पुण्यात प्रयोगशाळा काढली आणि १८९३ मध्ये ती हिमालयात मुक्तेश्वरला हलविली. बुळकांडीचे जगातून उच्चाटन झाल्याची घोषणा व्हायला २०११ साल उजाडले. या प्रदीर्घ इतिहासात मेलेले जनावर उचलणारे आणि त्याच्या मृत्यूचे कारण लिहिणारे यांच्या जाती वेगळ्या राहिल्या.

ही जुनी गोष्ट झाली असे कोणी म्हणेल. ११ जुलै २०१६ रोजी गुजरातमध्ये उना तालुक्यातील मोटा समढियाळा गावी मेलेल्या गायीचे कातडे काढणाऱ्या दलित तरुणांना गोहत्येचा आरोप ठेवून फोडून काढण्यात आले. ती गाय सिंहाने मारली होती, असे पुढे तपास यंत्रणेने सांगितले. कोणत्याही प्रशिक्षित पशुवैद्याला मानेवरील दातांच्या खुणांवरून जे सांगता आले असते, ते सांगणारा तेथे कोणी नव्हता. आणि असता तरी त्याचे ऐकले गेले असते का, ही शंका आम्हांसही आहे. तरीही आम्ही विचारतो, अशा देशातून आलेल्या समाजाने रोगनिदानाच्या शास्त्राला हसावे काय?

आता एक व्यक्तिगत कबुली. आमचे वैद्यकीय शिक्षण परळला, सेठ गोवर्धनदास सुंदरदास मेडिकल कॉलेजात आणि के.ई.एम. रुग्णालयात झाले. त्याच परळमध्ये १८८६ साली सुरू झालेले मुंबई पशुवैद्यकीय महाविद्यालय आहे, आणि त्याला लागून बाई साकरबाई दिनशा पेटिट यांच्या नावाचे जनावरांचे रुग्णालय. त्याच परळमध्ये इम्प्रूव्हमेंट ट्रस्टची ती चाळ आहे, जिच्या दोन खोल्यांत बाबासाहेबांनी आयुष्याची सुमारे दोन दशके काढली. आम्ही दर सहा डिसेंबरला दादरला जात होतो आणि चाळीपुढेही डोके टेकवीत होतो. परंतु पशुवैद्यकीय महाविद्यालयाच्या फाटकाच्या आत साडेपाच वर्षांत एकदाही पाऊल टाकले नाही. तेथील विद्यार्थी वसतिगृहात कोणाकडे आले की "घोडा काय म्हणतो?" असे विचारून आम्ही त्यांची टर उडवीत असू. टर उडविणाऱ्यांत आपल्याच समाजाचे आम्ही तिघे होतो, आणि ज्यांची टर उडे त्यांतील एकजणही आपल्याच समाजाचा होता.

त्या जनावरांच्या रुग्णालयाविषयी एक राग आपल्या मनात असतो, तो आम्ही नाकारीत नाही. गिरणगावात माणसे एका खोलीत दहा-दहा राहत होती आणि बैलाला मात्र स्वतंत्र वॉर्ड होता! चवदार तळ्यावर गुरे पाणी पीत होती, कुत्री पीत होती, आपल्याला मनाई होती. हे वाक्य ऐकतच आपण मोठे झालो. प्राण्यावरची दया हा आपल्याकडे बहुधा माणसावरच्या निर्दयतेचा पडदा राहिला आहे, आणि आजही भूतदयेची मोठी भाषणे करणारे अनेकजण गटारात उतरणाऱ्या माणसाकडे पाहत नाहीत. हा राग रास्त आहे. फक्त तो योग्य ठिकाणी जावा एवढीच आमची विनंती आहे. तळ्याचे पाणी कुत्र्याने अडविले नव्हते.

आता हे शास्त्र आहे तरी काय, ते थोडक्यात सांगणे भाग आहे, कारण हसणाऱ्यांपैकी बहुतेकांची कल्पना 'कुत्र्याला इंजेक्शन' याच्या पलीकडे जात नाही. आम्ही डॉक्टरमंडळी ज्याला नुसते 'मेडिसीन' म्हणतो, म्हणजे मधुमेह, मूत्रपिंड, यकृत, रक्त, ग्रंथी, जंतुसंसर्ग यांचे शास्त्र, तेच हे कुत्र्यामांजरांच्या देहात. फरक एवढाच की रुग्ण बोलत नाही. आमच्याकडे निम्मे निदान रुग्णाच्या तोंडून होते. तेथे पोटाला लागणारा हात, रक्ताचा थेंब, सोनोग्राफी आणि मालकाने नकळत सांगितलेली एखादी गोष्ट यांवर सारी मदार. कन्येच्या रुग्णालयात एकदा आम्ही दिवसभर बसलो होतो. मांजराच्या अशक्तपणाची कारणे तिने विद्यार्थ्यांकडून ज्या क्रमाने काढून घेतली, तो क्रम आम्ही के.ई.एम.च्या राउंडला ऐकला होता. आधुनिक मेडिसीनचे जनक म्हणून ज्यांचे नाव आम्ही घेतो ते विल्यम ऑस्लर तरुणपणी मॉन्ट्रिअलच्या पशुवैद्यकीय महाविद्यालयात शिकवीत होते. कुत्र्याच्या श्वासनलिकेतील एका कृमीला आजही त्यांचेच नाव आहे. ऑस्लरना त्यात कमीपणा वाटला नाही. आम्हांस मात्र फोनवर 'सायन्स' म्हणावेसे वाटले!

मधुमेहाने बाबासाहेबांना अखेरच्या वर्षांत किती छळले हे आपण सारे जाणतो. आपल्या समाजातही आज असे घर विरळा ज्याच्या फ्रिजमध्ये कोणाची तरी इन्सुलिन नाही. स्वादुपिंड काढून टाकलेल्या कुत्र्याला मधुमेह होतो हे १८८९ साली स्ट्रासबुर्ग येथे मिंकोव्स्की आणि फॉन मेरिंग यांनी दाखविले. १९२१ साली टोरांटोत बँटिंग आणि बेस्ट यांनी इन्सुलिनचा शोध कुत्र्यांवरच लावला. ते ऋण येथे संपत नाही. मांजराचा मधुमेह माणसाच्या दुसऱ्या प्रकारच्या मधुमेहाशी फार जुळतो, आणि ऑस्ट्रेलियातील बर्मी मांजरांत तो विशेष आढळतो. क्वीन्सलंड विद्यापीठात जॅकी रँड यांनी या मांजरांचा वर्षानुवर्षे अभ्यास केला. लवकर निदान, काटेकोर इन्सुलिन आणि कमी पिष्टाचा आहार यांनी बऱ्याच मांजरांचे इन्सुलिन सुटूही शकते, हे अशा अभ्यासांतून पुढे आले. वेंटवर्थविल ते ब्लॅकटाउनच्या पट्ट्यातील आपल्या बांधवांना आम्ही गेली वीसहून अधिक वर्षे मधुमेहाची औषधे लिहून देत आहोत. त्या प्रबंधांकडे पाहण्यास मात्र आमची मुलगी पशुवैद्य व्हावी लागली.

"परंतु डॉक्टरसाहेब, हे श्रीमंतांच्या कुत्र्यामांजरांचे चोचले. त्यातून समाजाला काय मिळणार?" हा आक्षेप आमच्या घरातही निघाला, आणि तो सर्वांत प्रामाणिक आक्षेप आहे. या देशात दहापैकी सहा-सात घरांत पाळीव प्राणी असतो, त्यामुळे 'श्रीमंत' हा शब्द येथे फारसा लागू नाही. पण तो मुद्दा बाजूला ठेवू.

२६ जुलै २००५ रोजी मुंबईत सांताक्रूझला एका दिवसात ९४४ मिलिमीटर पाऊस कोसळला. पाणी ओसरल्यावर लेप्टोस्पायरोसिसची साथ आली. उंदरांच्या मूत्रातून पाण्यात उतरणारा हा जंतू पायाच्या चिरेतून शिरतो, आणि मग ताप, कावीळ, मूत्रपिंड निकामी. पाण्यात कोण उभे होते हे मुंबई माहीत असलेल्यांना सांगावयास नको. २०१९ साली सिडनीच्या मध्यवर्ती भागात, सरी हिल्स आणि ग्लीब अशा वस्त्यांत, कुत्री अचानक कावीळ होऊन मरू लागली. तोही लेप्टोस्पायरोसिसच होता, आणि कित्येक दशके सिडनीच्या कुत्र्यांत तो जवळपास दिसला नव्हता. सिडनी विद्यापीठात लहान प्राण्यांच्या मेडिसीनच्या अध्यापक असलेल्या क्रिस्टीन ग्रीब्श आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी या कुत्र्यांचा अभ्यास प्रसिद्ध केला. त्यांतील बहुतेक कुत्री दगावली होती. शहरातील उंदीर, पाणी आणि घरे यांच्यात काहीतरी बिघडले आहे, याची वार्ता माणसाच्या आधी कुत्र्याने दिली. दवाखान्यात एकेक कुत्रे पाहणाऱ्या डॉक्टरला ही वार्ता कळत नाही. त्याला एक आजारी कुत्रे दिसते. दहा दवाखान्यांतील दहा कुत्री एकत्र ठेवून त्यांचे रक्त तपासणारा, जंतूचा प्रकार ठरविणारा आणि लस कोणती हवी हे सांगणारा प्राध्यापक लागतो. मुंबईच्या झोपडपट्टीत उद्या हेच काम करणारे कोणी हवे की नको?

रेबीजचे तसेच. जगात रेबीजने मरणाऱ्यांपैकी एक तृतीयांशाहून अधिक माणसे भारतातील, असा जागतिक आरोग्य संघटनेचा अंदाज आहे. त्यांत लहान मुले पुष्कळ, आणि माणसाला हा रोग जवळजवळ नेहमी कुत्र्यापासूनच होतो. गोव्यात कुत्र्यांच्या लसीकरणाची मोहीम वर्षानुवर्षे चालली तेव्हा २०२१ साली ते राज्य रेबीज-नियंत्रित क्षेत्र म्हणून घोषित होऊ शकले. चाळीच्या बोळातून शाळेत जाणारे पोर वाचविण्याचा रस्ता कुत्र्यावरून जातो, आणि तो रस्ता पशुवैद्य बांधतो.

आता पैशाचा प्रश्न, ज्याबद्दल आपण सभेत बोलत नाही आणि स्वयंपाकघरात बोलतो. कन्येने पदवीनंतर दोन वर्षे खाजगी दवाखान्यात काम केले. पगार बरा होता. मग एक वर्षाची इंटर्नशिप केली आणि आता तीन वर्षांची रेसिडेन्सी आहे. त्यात पगार थोडा, रात्रपाळ्या भरपूर, आणि बरोबर ऑस्ट्रेलिया-न्यूझीलंडच्या पशुवैद्यक कॉलेजची आधी मेंबरशिपची आणि मग फेलोशिपची परीक्षा. त्यानंतर पीएच.डी. तेव्हा कोठे लेक्चररची जागा, आणि तीही निघाली तर. प्राध्यापक होईपर्यंत केस पांढरे होतील. तेवढ्यात तिच्या वर्गमैत्रिणींनी दवाखाने उघडून घरांचे हप्ते फेडलेले असतील. आम्ही हे लपवीत नाही. शिवाय या व्यवसायात मनावर येणारा ताण भयंकर आहे. ऑस्ट्रेलियातील पशुवैद्यांमध्ये आत्महत्येचे प्रमाण सर्वसामान्यांहून बरेच अधिक असल्याचे अभ्यासांत आढळले आहे. ज्या आईबापांना काळजी करावयाची आहे त्यांनी याची काळजी करावी. लोक काय म्हणतील याची करू नये.

"करायचेच तर क्लिनिक काढ, मास्तरकी कशाला?" असे आमच्या सौभाग्यवतींच्या भावाने साताऱ्याहून विचारले. आमचा खरा वाद या प्रश्नाशी आहे. आपल्या पिढीने नोकरी मिळविली, घर मिळविले, पेंडल वेवर दोन-चार दुकानेही आपल्या ओळखीची झाली. सिडनीत आपले डॉक्टर आहेत, अभियंते आहेत, संगणकवाले तर विचारूच नका. परंतु पाठ्यपुस्तक कोण लिहितो? परीक्षेचा प्रश्न कोण काढतो? कोणत्या रोगावर पैसा खर्च व्हावा हे ठरविणाऱ्या समितीत कोण बसतो? कोणत्या विद्यार्थ्याला रेसिडेन्सी द्यायची यावर सही कोणाची असते? आपल्या ओळखीच्या घरांतून अशा खुर्च्यांवर बसलेली माणसे मोजू लागलो तर एका हाताची बोटे उरतात. बाबासाहेब बॅरिस्टर होते आणि ती प्रॅक्टिसही त्यांनी केली. तरी कोलंबियाचा आणि लंडनचा प्रबंध त्यांना का लिहावासा वाटला, याचा विचार आपण जयंतीच्या भाषणात करतो. मुलीच्या करिअरची गोष्ट निघाली की तो विचार आपल्याला आठवत नाही.

ज्या देशात आपण राहतो त्याच्या नोटेकडेच पाहा. १९७३ पासून १९९५ पर्यंत येथील पन्नास डॉलरच्या कागदी नोटेवर एका बाजूला पेनिसिलीनचे फ्लोरी होते आणि दुसऱ्या बाजूला इयन क्लूनीज रॉस. हे क्लूनीज रॉस सिडनीचे पशुवैद्य. कुत्र्यांना लुळे पाडणाऱ्या गोचिडीवरील त्यांचे प्रयोग १९२६ साली प्रसिद्ध झाले आणि पुढे ते राष्ट्रीय विज्ञानसंस्थेचे प्रमुख झाले. माणसाचा डॉक्टर आणि जनावराचा डॉक्टर एकाच नोटेवर बसले आणि कोणी हसले नाही. १९९५ साली नवी नोट आली, तिच्यावर डेव्हिड उनायपन हे आदिवासी लेखक आणि संशोधक आहेत. मेंढ्यांची लोकर कापण्याच्या यंत्रात त्यांनी १९०९ साली सुधारणा केली. त्यांच्या कल्पनेचा उपयोग झाला; पैसा त्यांना मिळाला नाही. ही दुसरी गोष्ट आपण आपल्या मुलांना आवर्जून सांगावी. आणि क्वीन्सलंडचे पीटर डोहर्टी? पदवीने पशुवैद्य, १९९६ साली वैद्यकशास्त्राचे नोबेल. त्यांनाही लहानपणी कोणी "ढोरडॉक्टर" म्हटले असेल काय?

भारतातही दिवस पालटत आहेत. नागपूरला २००० सालापासून पशु व मत्स्य विज्ञानांचे स्वतंत्र विद्यापीठ आहे. मुंबईत महालक्ष्मीला २०२४ साली टाटा ट्रस्ट्सचे लहान प्राण्यांचे मोठे रुग्णालय सुरू झाले. तेथे शिकविणारे, संशोधन करणारे लोक लागतीलच. भारतातून पदवी घेऊन येथे येणाऱ्या आपल्या पशुवैद्य बंधुभगिनींना आधी लेखी आणि मग प्रात्यक्षिक परीक्षा देऊन नव्याने नोंदणी मिळवावी लागते. आम्ही डॉक्टरांनीही हा घाट चढला आहे. आमच्यासाठी तेव्हा अभ्यासगट होते, कोणी ना कोणी जुनी प्रश्नपत्रिका आणून देई. त्यांच्यापैकी एकाला आम्ही गेल्या वर्षी गोदामात खोकी उचलताना भेटलो. त्याच्यासाठी आपण काय केले? आपल्या कार्यक्रमाच्या नोंदवहीत त्याचा व्यवसाय 'इतर' या रकान्यात लिहिला गेला.

तेव्हा आता कामाचे बोलू. आपल्या शिक्षणनिधीच्या नियमांत 'वैद्यकीय, अभियांत्रिकी, कायदा व संगणक' असे चार शब्द आहेत. ते ज्या काळी लिहिले गेले त्या काळी लिहिणाऱ्यांत आम्हीही होतो आणि मसुदा आमच्याच हस्ताक्षरात आहे. त्या चार शब्दांच्या जागी 'कोणत्याही ज्ञानशाखेतील पदव्युत्तर अध्ययन व संशोधन' असे शब्द घालावेत, आणि नोंदणीपरीक्षा देणाऱ्या पशुवैद्यांच्या परीक्षा-शुल्कासाठी बिनव्याजी कर्ज द्यावे, असा ठराव आम्ही येत्या वार्षिक सभेत मांडणार आहोत. आमच्या कन्येला या निधीचा एक डॉलरही नको आहे, हे आधीच नमूद करतो. तिने तसे आम्हांस लिहून दिले आहे आणि वर "बाबा, माझं नाव वापरू नका" असेही बजावले आहे. म्हणून येथे ते वापरलेले नाही.

ज्या ज्येष्ठ बंधूंच्या वाक्याने हा लेख सुरू झाला त्यांना हा मसुदा आम्ही छापण्यापूर्वी वाचून दाखविला. त्यांनी शेवटपर्यंत ऐकले. मग म्हणाले, "ठरावाला मी विरोध करणार." जरूर करावा. सभेनंतर त्यांच्या घरच्या म्हाताऱ्या लॅब्राडॉरला कन्या तपासणार आहे. महिनाभर तो पाणी फार पितो, असे त्यांनीच जाता जाता सांगितले.